घरातील यंत्रविद्या (लेखांक ९) : थंडावा न देणारा हीट पंप

हिवाळ्यात बाहेरच्या हवेतील उष्णता घरात आणणारा हीट पंप उन्हाळ्यात उलट दिशेने चालून घरातील उष्णता बाहेर टाकतो, हे मागील लेखांकात पाहिले. या दुहेरी कामामुळे साध्या एसीत होणारे सर्व बिघाड त्यात होतातच, शिवाय काही त्याचे स्वतःचेही असतात. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतील घरांत ही यंत्रणा फार रूढ असल्याने पुढील विवेचन तेथील मांडणीला धरून केले आहे.

तपासणीचा आरंभ थर्मामीटरने करावा. यंत्रात परतणारी हवा आणि त्यातून बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानात साधारण ८ ते ११ अंश सेल्सिअस फरक असावा. दमट हवेत तो काहीसा कमी भरतो, कारण यंत्राची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यातच खर्ची पडते. फरक योग्य असूनही घर तापत असेल, तर दोष बहुधा माळ्यावरून जाणाऱ्या, सांध्यांत फाटलेल्या हवानळांत असतो. फरक कमी असेल, तर आधी फिल्टर पाहावा. तो धुळीने बुजला की आतल्या कॉइलवरून पुरेशी हवा वाहत नाही, कॉइल गोठणबिंदूखाली जाते आणि तिच्यावर बर्फ साचतो. असा बर्फ सुरीने खरवडू नये. थंडावा बंद ठेवून नुसता पंखा चालू ठेवल्यास काही तासांत तो आपोआप वितळतो.

हीट पंपाचे खास अंग म्हणजे दिशा बदलणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह. चार नळ्या जोडलेल्या या पितळी नळकांड्यात एक सरकती पट्टी असते आणि तिला हलवण्याचा इशारा सोलेनॉइड, म्हणजे विजेने चुंबक होणारे वेटोळे, देते. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत या वेटोळ्याला थंडाव्याच्या वेळी वीज मिळते, त्यामुळे ते जळाले की भर उन्हाळ्यात घरात गरम हवा येऊ लागते. काही कंपन्यांची रचना याच्या नेमकी उलट असल्याने नवा थर्मोस्टॅट चुकीच्या निवडीवर बसवला तरी हाच प्रकार घडतो. पट्टी मध्येच अडकली, तर निदान अधिक कठीण होते, कारण कॉम्प्रेसरचा तप्त वायू परतीच्या नळीत झिरपत राहतो आणि यंत्र धड थंडही करत नाही, धड गरमही नाही.

याहून फसवा बिघाड पूरक हीटरचा असतो. कडाक्याच्या थंडीसाठी बसवलेल्या या विजेच्या तारांच्या रिलेचे संपर्कबिंदू चिकटले, तर कॉइलने थंड केलेली हवा पुढच्याच टप्प्यावर पुन्हा तापते. बाहेरचे युनिट पाहणाऱ्याला सारे ठीक दिसते; मात्र ५ किलोवॅटचा हीटर २४० व्होल्टवर सुमारे २१ अँपिअर प्रवाह ओढत असल्याने क्लॅम्प मीटर लावताच चोरी उघड होते.

इतके पाहिल्यावरच गॅसचा विचार करावा. शीतक बंद मंडलात फिरत असल्यामुळे ते पेट्रोलसारखे वापराने संपत नाही. कमी झाले असेल, तर कुठेतरी गळती आहेच. म्हणून दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून’ घेण्याची, आपल्याकडेही स्प्लिट एसीबाबत सर्रास दिसणारी रीत केवळ खर्चिक नव्हे, तर निदान टाळणारी आहे. गळती शोधून, सांधा झाळून, नळ्या निर्वात केल्यावर यंत्राच्या पाटीवरील वजनाइतकेच शीतक तोलून भरायचे असते आणि हे काम अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांनुसार प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञानेच करावे लागते.