प्रोबच्या टोकावरचं माणिक

चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटी विभागाच्या वातानुकूलित खोलीत भागांची मापं तपासणारं सीएमएम यंत्र असतं. त्याच्या प्रोबच्या टोकाला मोहरीएवढा लाल गोळा दिसतो, तो माणकाचा. भागाला हजारो वेळा टेकूनही तो सहसा झिजत नाही, कारण मोहसच्या मापपट्टीवर माणकाची कठीणता 9 आहे, हिऱ्याची 10.

हा गोळा कारखान्यात घडवलेल्या माणकाचा. म्हणून ती काच, असं अनेकजण धरून चालतात. ते चूक आहे. खाणीतलं माणिक आणि हे, दोन्ही अॅल्युमिनियम ऑक्साइडच, लाली क्रोमियमची. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यांनी 1902 मध्येच भुकटी ज्योतीत वितळवून असा खडा घडवण्याची रीत जाहीर केली. तो काही तासांत होतो, म्हणून स्वस्त. मात्र तोच 'खाणीतला' म्हणून खपवला, तर ती सरळ फसवणूक.

'तापवलेला खडा खोटा' हेही खरं नाही. बाजारातली बहुतेक माणकं रंग खुलवायला तापवलेली असतात आणि तसं सांगून विकणं रीतसर आहे. जपायचं ते शिशाची काच भरलेल्या माणकापासून. सोनाराच्या बत्तीनंच काय, लिंबाच्या रसानंही ते बिघडतं. न तापवलेल्या उत्तम खड्याचा भाव वेगळाच. आणि तो ब्रह्मदेशचाच हवा, असंही आता उरलेलं नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 3 कोटी 48 लाख डॉलरना गेलेलं 55.22 कॅरेटचं माणिक मोझांबिकचं होतं.

नथीतल्या मोत्यांबद्दल दातावर घासून पाहायचा सल्ला घरोघरी मिळतो. त्यानं काचेचा नि प्लास्टिकचा मोती ओळखू येतो, पण संवर्धित मोतीही तसाच खरखरीत लागतो. तो शिंपल्यातच वाढतो, त्यामुळे बनावट नव्हे. समुद्रातला नैसर्गिक बसरा मोती ओळखायला क्ष-किरण तपासणी लागते. 'हैदराबादी' मोतीही बहुधा चीनच्या गोड्या पाण्यातला. हैदराबादेत तो निवडला जातो आणि त्याला भोक पाडलं जातं.

दागिन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक म्हणजे एचयूआयडी फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात, खड्याची नाही. पिंपरीत घ्या वा चिंचवडला, पावतीवर खड्याचं वजन सोन्यापासून वेगळं आणि त्यावरची प्रक्रिया लिहून मागा. भावही कॅरेटमध्येच विचारा. कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, सगळीकडे तेवढंच. रत्ती मात्र कुठे 0.12 ग्रॅमची, कुठे 0.18 ग्रॅमची धरतात.