विकिरणजन्य मुखपाक : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

मलकापूर ते कोल्हापूर हे अंतर सुमारे 45 किलोमीटर. मुख अथवा कंठाच्या कर्करोगासाठी विकिरणचिकित्सा घेणारा शाहूवाडी तालुक्यातील रुग्ण बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे ही ये-जा करतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होऊन सोलवटते, घास उतरत नाही आणि तो आपल्याकडे येऊन म्हणतो, ‘‘डॉक्टर, आता लाईट घ्यायला जात नाही.’’

हे ‘जात नाही’ व्रणापेक्षा घातक आहे. चिकित्सेत खंड पडल्यास उरलेल्या अर्बुदपेशींना वाढीस अवसर मिळतो व रोग उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून चिकित्सा अखंड पार पडावी, हेच आपल्या उपचाराचे साध्य होय.

मुखातील आवरणाचा पेशीस्तर एक-दोन आठवड्यांत नवा होत असतो. विकिरणाने तळच्या पेशींचे विभाजन मंदावते, वरचा थर झिजत राहतो आणि भरपाई होत नाही. सुश्रुताचार्यांनी वर्णिलेल्या 65 मुखरोगांतील पित्तज सर्वसराशी ही लक्षणे जुळतात. हेतू मात्र आगंतु आहे. येथेच आमची एकदा चूक झाली. नेहमीच्या तोंड येण्याप्रमाणे आम्ही टंकणाची लाही मधातून प्रतिसारणास दिली. दाह असह्य होऊन त्या रुग्णाने चार दिवस विकिरण चुकविले. वाग्भटाचार्यांनी गंडूषाचे स्नेहन, शमन, शोधन व रोपण असे चार प्रकार सांगितले आहेत. कटु, अम्ल, लवण, उष्ण द्रव्यांचा शोधन गंडूष या अवस्थेत निषिद्धच समजावा.

विकिरण सुरू होण्यापूर्वी दंततपासणी व्हावी. तंबाखू आणि मिश्री सुटावी. (मिश्रीला व्यसन न मानणाऱ्या भगिनींना हे निराळे सांगावे लागते.) पहिल्या दिवसापासून मृदू ब्रश आणि एक लिटर कोमट पाण्यात प्रत्येकी एक लहान चमचा मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या. एवढे अल्प लवण सहसा झोंबत नाही. झोंबल्यास नुसते पाणी वापरावे.

मधाला आधुनिक आधारही आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलेशियातील 40 रुग्णांच्या अभ्यासात विकिरणापूर्वी 15 मिनिटे, नंतर 15 मिनिटांनी व सहा तासांनी 20 मिलिलिटर शुद्ध मध दिला असता तीव्र मुखपाक कमी आढळला. मधुमेहात मात्र जपावे, आणि लाळ आटलेल्या मुखात दात किडतात म्हणून थोड्या वेळाने चूळ भरवावी. यष्टीमधुसिद्ध घृताचा लेप विकिरणानंतर, रात्री करावा. यष्टीमधु पोटातून दीर्घकाळ देणे टाळावे. त्याने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते आणि सिस्प्लॅटिन घेणाऱ्यास ते अधिकच बाधते.

आहारात मऊ भात, मुगाचे कढण, नाचणीची गार पेज, दूध-तूप. तांबडा रस्सा काही महिने दूरच बरा! वजन दर आठवड्यास नोंदवावे.

औषधविक्रेत्यांना विनंती, की अशा रुग्णास लवंगतेल, पुदिन्याचा अर्क वा मद्यार्कयुक्त गुळणी देऊ नये. ‘शक्तीसाठी’ जीवनसत्त्व ई देखील नको. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत त्याने विकिरणाचे उपद्रव घटले, पण रोग पुन्हा उद्भवण्याकडे कल दिसला. रसायनकल्पही विकिरणतज्ज्ञांना विचारूनच द्यावेत. ताप, दह्यासारखे पांढरे थर, रक्तस्राव, किंवा पाणीही गिळता न येणे यांपैकी काही दिसताच रुग्णास त्याच दिवशी विकिरणकेंद्राकडे चिठ्ठीसह पाठवावे. दिलेल्या सर्व औषधांची नावे त्या चिठ्ठीत लिहावीत.