पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी गट ऑफिसात तेच ते प्रश्न सुरू होतात. नवा चिटबॉय विचारतो, "भाऊसाहेब, खोडव्याची नोंद कुठल्या रकान्यात?" दहा वेळा सांगून झालं तरी अकराव्यांदा तेच. जुना कारकून वैतागतो, "किती वेळा सांगू रे?" पोरगं ओशाळतं. पुढच्या खेपेला विचारत नाही, अंदाजाने लिहितं. अशाने एकाचं टनेज दुसऱ्याच्या खात्यावर पडतं आणि बिलाच्या वेळी हेलपाटे आपल्याला घालावे लागतात.

या बाबतीत गडचिरोलीचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा धानाचा व जंगलाचा जिल्हा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' संस्थेमार्फत तेथे काम उभे केले. न्यूमोनियाने लहान मुले दगावत आणि दवाखाना लांब. औषध गावातच देता येण्यासारखे होते, पण द्यायचे कुणाला? मूल खोकतंय ते न्यूमोनियाने की साध्या सर्दीने, हा प्रश्न दर आजारी मुलामागे उभा राही.

ओळखण्याची रीत सोपी होती. मिनिटाला श्वास किती, ते मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० आणि मोठ्या मुलाचे ५० झाले की धोका. पण गावच्या निरक्षर सुईणींना इतके आकडे मोजता येत नव्हते. दरवेळी डॉक्टरला विचारावे, तर तो जवळ नाही. म्हणून डॉक्टरांनी श्वासमापक तयार केला. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता आले की काम भागले. गावपातळीवरच्या या उपचाराचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते.

सुईणींना अडाणी म्हणून कुणी बाजूला सारले नाही. उत्तरच त्यांच्या हाती पेलेल असे केले.

आपल्याकडेही हेच करता येईल. एकच प्रश्न चौघांनी विचारला, तर खोट कागदात आहे असे समजावे. बिनचूक भरलेली नमुना चिठ्ठी गट ऑफिसात व काट्यावर टांगावी. नवा माणूस कुठे अडतो, ते त्यालाच वहीत लिहायला सांगावे आणि हंगाम संपल्यावर त्या वहीवरून छापील चिठ्ठी सुधारावी. एवढे करूनही कुणी विचारलेच, तर न रागावता सांगावे. विचारायला पाच मिनिटे जातात. चुकलेली नोंद दुरुस्त करायला पंधरवडा जातो, आणि तोवर पैसे अडतात ते सभासदाचे.