पुन्हा एकदा ‘कॅट’?

नोव्हेंबर २००३ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या सामायिक प्रवेश परीक्षेची, म्हणजेच ‘कॅट’ची, प्रश्नपत्रिका फुटली आणि लाखाहून अधिक उमेदवारांना फेब्रुवारी २००४ मध्ये नव्याने परीक्षेस बसावे लागले. त्या वर्षी फेरपरीक्षेचा निर्णय परिस्थितीनेच घेतला होता. एरवी मात्र तो ज्याचा त्याला घ्यावा लागतो. निकाल हाती पडला की अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मिळेल त्या संस्थेत प्रवेश घ्यावा, की आणखी एक वर्ष प्रयत्न करून पाहावा? वरकरणी हा प्रश्न अभ्यासाचा दिसतो. वस्तुतः तो वेळेचा, पैशाचा आणि मनाच्या उभारीचाही असतो.

नियमांची आडकाठी नाही. ‘कॅट’ला वयोमर्यादा नाही आणि किती वेळा बसावे यावरही बंधन नाही. परंतु या परीक्षेचे गुण त्याच प्रवेशवर्षापुरते ग्राह्य असतात. परदेशी संस्थांसाठी उपयोगी पडणाऱ्या ‘जीमॅट’चे गुण पाच वर्षे चालतात; ‘कॅट’मध्ये तशी सोय नाही. यंदाची जागा नाकारून पुढील वर्षी कमी गुण पडले, तर जुन्या गुणपत्रकाचा आधार उरत नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

पर्सेंटाइलचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. ते टक्के नव्हेत, तर इतरांच्या तुलनेतील स्थान होय. २०२४ च्या परीक्षेस सुमारे २.९३ लाख उमेदवार बसले. म्हणजे एक पर्सेंटाइल वर सरकण्यासाठी सुमारे २,९०० जणांना मागे टाकावे लागते आणि ९० वरून ९५ वर जाण्यासाठी साडेचौदा हजारांहून अधिक जणांना. शिवाय त्यांच्यापैकी अनेक जण पुढील वर्षी अधिक तयारीने येणार असतात.

कारण सापडले का?

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण अपयशाचे कारण उमगले, तरच ती पायरी ठरते. २०२० पासून ही परीक्षा दोन तासांची असून भाषा व आकलन, माहिती-विश्लेषण व तर्क आणि संख्यात्मक क्षमता या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळतात. एका विभागाची वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बहुपर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो.

परीक्षेनंतर उमेदवारास स्वतःची उत्तरे आणि उत्तरसूची पाहता येते. त्या आधारे गमावलेल्या गुणांची तीन भागांत विभागणी करावी : जे मुळात येतच नव्हते, जे येत असूनही वेळेअभावी राहिले आणि जे घाईने वा अंदाजाने चुकले. दुसऱ्या व तिसऱ्या भागांतील गुण सरावाने पुष्कळ अंशी परत मिळवता येतात. पहिला भाग मोठा असेल, तर प्रश्न एवढाच की येत्या वर्षी अभ्यासाची पद्धत खरोखर बदलणार आहे काय? तीच पुस्तके, तोच क्रम आणि तीच घाई असेल, तर निकालही बहुधा तोच लागेल.

काही गोष्टी फेरपरीक्षेने बदलत नाहीत. अनेक व्यवस्थापन संस्था मुलाखतीस बोलावताना दहावी, बारावी व पदवीचे गुण आणि कामाचा अनुभव यांनाही भार देतात. उत्तम पर्सेंटाइल असूनही बोलावणे न आलेल्याने आधी त्या संस्थेची निवडपद्धती बारकाईने वाचावी. अडचण दहावीच्या गुणांत असेल, तर नव्या परीक्षेने ती सुटणार नाही. अशा वेळी वेगळी संस्था किंवा दोन वर्षांचा अनुभव हाच योग्य मार्ग ठरू शकतो.

एका वर्षाची किंमत

पुन्हा परीक्षा देणे आणि त्यासाठी वर्ष मोकळे ठेवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षा नोकरी सांभाळूनही देता येते. तसे केल्यास पगार सुरू राहतो, अनुभव जमा होतो आणि परीक्षा मनाजोगती गेली नाही तरी वर्ष वाया गेले असे म्हणावे लागत नाही. घरी बसून तयारी करणाऱ्याच्या खर्चात मात्र शिकवणीच्या शुल्काबरोबरच न मिळालेला वर्षभराचा पगारही धरला पाहिजे.

दुसऱ्या बाजूस, हाती आलेली जागाही तपासून घ्यावी. समजा, वीस लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे आहे; मासिक हप्ता सुमारे २६,४३० रुपये येतो. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर काही काळाने सुरू होते, पण व्याजाची आकारणी त्याआधीपासूनच होत असते. हा हप्ता कोणत्या पगारातून जाणार? संस्थेने जाहीर केलेल्या सरासरी पगारावर विसंबू नये. पाच विद्यार्थ्यांचे वार्षिक पगार ६, ६, ७, ७ आणि ३४ लाख असतील, तर सरासरी १२ लाख भरते. परंतु मधल्या विद्यार्थ्याच्या हाती ७ लाखच पडतात. म्हणून मधला आकडा विचारावा. तो हप्ता पेलण्यास पुरेसा नसेल, तर केवळ वर्ष वाचावे म्हणून घेतलेला प्रवेश पुढील दहा वर्षे जड जाऊ शकतो.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी निर्णय घेण्याची निकड नसते. जमशेदपूरच्या ‘एक्सएलआरआय’ची ‘झॅट’ जानेवारीत होते आणि महाराष्ट्राची सामायिक प्रवेश परीक्षा त्यानंतर. ही दारे उघडी असेतो त्यांचा उपयोग करावा.

या निर्णयात आईवडिलांचा शब्द मोलाचा असतो. पण शेजाऱ्याच्या मुलाचे पर्सेंटाइल त्यात येऊ नये. घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : कमी गुणांचे कारण, ते दूर करण्याचा उपाय आणि त्यासाठी लागणारा खर्च. तिन्ही ओळी स्पष्टपणे लिहिता आल्या, तर पुन्हा परीक्षा देणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरेल. पहिलीच ओळ कोरी राहिली, तर हाती असलेल्या पर्यायाकडे अधिक आदराने पाहावे. त्यात पराभव नाही; चांगले व्यवस्थापन म्हणतात ते यालाच.