क्रॉस कंपायलर : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आपला लॅपटॉप इंटेलचा आणि प्रोजेक्टचा बोर्ड आर्मचा. लॅपटॉपवर बसून बोर्डासाठी कोड तयार करतो तो क्रॉस कंपायलर. नुसता एलईडी लुकलुकवायचा असेल तर सरळ तयार पॅकेज घ्या, उगाच रात्र घालवू नका. पण कंपायलर आतून बघायचा असेल तर जीसीसी एकदा तरी सोर्सपासून बांधावा, असं माझं मत आहे.

बिल्ड फसलं की मेक शेवटी ‘एरर २’ छापून थांबतं आणि मंडळी तीच ओळ घेऊन सीनियरच्या रूमवर धडकतात. ती ओळ फक्त एवढंच सांगते की आत कुठेतरी बिनसलंय. खरी आग बरीच वर लागलेली असते. त्यात जे पर्याय देऊन चार-आठ कामं एकदम लावली असतील तर सगळ्यांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं. अशा वेळी जे १ देऊन मेक परत चालवा. मग पहिली खरी चूक शेवटाजवळच सापडते.

सगळ्यात बदनाम निरोप म्हणजे ‘कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स’. वाचून वाटतं फाइलच्या नावाचं काहीतरी आहे. तसं काही नसतं हो! नवा कंपायलर एक चिमुकला प्रोग्रामसुद्धा कंपाइल करू शकला नाही, इतकाच अर्थ. कारण कॉन्फिग डॉट लॉगमध्ये असतं, पण बाहेरच्या नाही, टार्गेटच्या फोल्डरमधल्या लिबजीसीसीच्या आतल्या. बहुतेक वेळा घोडं दोन ठिकाणी पेंड खातं. एक, एमपीएफआर किंवा एमपीसी लायब्ररी चालताना सापडत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे सोर्समधल्या कॉन्ट्रिब फोल्डरातली ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ स्क्रिप्ट आधीच चालवणे. दुसरं, आर्मचा असेंबलर पाथमध्ये नसतो, म्हणून लॅपटॉपचा इंटेलवाला असेंबलर पुढे येतो आणि त्याला आर्मची भाषा कळत नाही. म्हणून बिनयुटिल्स आधी बांधायचं, टार्गेट आणि प्रिफिक्स दोन्हीकडे तेच ठेवायचं. दुरुस्तीनंतर बिल्ड फोल्डर पूर्ण रिकामं करा, नाहीतर जुनं कॉन्फिगरेशन तिथेच चिकटून राहतं.

आता कोंबडी आधी की अंडं? पूर्ण जीसीसीला सी लायब्ररीच्या हेडर फाइल्स लागतात आणि ती लायब्ररी बांधायला कंपायलर लागतो. सुटका अशी : आधी ‘विदाउट हेडर्स’ देऊन फक्त सी भाषेचा कंपायलर आणि लिबजीसीसी बांधा, त्याने न्यूलिब बांधा, मग पूर्ण जीसीसी.

‘किल्ड’ म्हणून सीसी१प्लस मेला तर बहुधा रॅम संपलेली असते. डीमेसेजमध्ये बघा आणि जे कमी करा.

शेवटी एक छोटी सी फाइल कंपाइल करून ऑब्जेक्टवर ‘फाइल’ कमांड चालवा. उत्तरात आर्म दिसलं की झालं, खुशाल झोपा.