ताकेशीचें आव्हान

श्रोतेहो, आज ज्या खेळाविषयीं बोलावयाचें आहे तो वाईट आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. 'ताकेशी नो चोसेनजो', म्हणजे ताकेशीचें आव्हानपत्र, या नांवाचा हा व्हिडिओ गेम तैतो कंपनीनें १९८६ च्या डिसेंबरांत जपानमध्यें, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठीं विक्रीस काढला. हे ताकेशी म्हणजे विनोदी नट 'बीट' ताकेशी कितानो. त्यांचा 'ताकेशीज कॅसल' हा धांवाधांवीचा कार्यक्रम जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह आपल्याकडील मुलांनींही पोट धरधरून पाहिला आहे. खेळाची कल्पना त्यांचीच.

नायक एका कंपनींतील सामान्य नोकर. त्यास दूरच्या बेटावरील खजिना शोधावयाचा असतो. पण त्यापूर्वीं नोकरी सोडावी लागते, बायकोस घटस्फोट द्यावा लागतो, दारूच्या गुत्त्यांत गाणें म्हणावें लागतें. हें गाणें खरोखरीचें बरें का, कारण फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरांत मायक्रोफोन बसविलेला असे! पुढें एक कोरा नकाशा हातीं येतो. तो उन्हांत ठेवला तर उमटतो. मात्र तासभर कंट्रोलरास बोट लावावयाचें नाहीं. मुकाट्यानें बसून राहावयाचें. आणि चुकीच्या गांवाचें तिकीट काढलें कीं विमान आकाशांतच फुटतें.

कठीण असणें हा दोष नव्हे. बुद्धिबळही कठीणच आहे. परंतु प्रश्न कितीही अवघड असो, उत्तराची वाट त्यांतून निघावी, हा आम्हां मास्तरांचा जुना दंडक. तासभर थांबावयाचें, हें मुलानें कोणत्या तर्कानें काढावें? मार्गदर्शिका विकत घ्यावी, तर तीही अपुरी. प्रकाशकाकडे तक्रारींचे दूरध्वनी सुरू झाले. मुलांच्या खाऊच्या पैशांवर केलेली ही थट्टा मला अजूनही क्षम्य वाटत नाहीं.

तथापि वर्षें लोटलीं, आणि ज्यांनीं शिव्या दिल्या तेच त्याच्या आठवणी काढून हंसूं लागले. एकट्यास न सुटणारें कोडें चौघांस बोलावयास विषय पुरवितें, हें एक कारण. दुसरें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. इतर खेळांतील नायक राजकन्या सोडवीत असतां हा गृहस्थ पचिन्को खेळतो, रस्त्यांत मारामाऱ्या करतो, मांडलेला संसार मोडतो. अशी मोकळीक त्या काळच्या खेळांत विरळाच. २०१७ सालीं तैतोनेंच तो मोबाइलवर पुन्हां आणला.

खजिना मिळाला म्हणजे पडद्यावर ताकेशींचा चेहरा येऊन शाबासकी देतो. यंत्र बंद न करतां आणखी पांच मिनिटें थांबलें, तर तोच चेहरा विचारतो कीं, असला खेळ इतका मनावर घेऊन तुम्ही करणार तरी काय?