कायदा आणि नागरिक : लेखांक ६ – कबुलीजबाबाचे मोल

एखाद्या खुनाची वा दरोड्याची बातमी देताना ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य आपली वृत्तपत्रे इतक्या सहजतेने छापतात, की ते वाचताच वाचकाच्या मनात खटल्याचा निकाल लागून जातो. कबुली कशाने मिळाली याचीही नोंद त्याच वाक्यात झालेली असते, हे मात्र बातमी देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही आणि वाचणाऱ्याच्याही नाही. न्यायालयात त्या कबुलीचे मोल शून्य असते. पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब, मग तो अंमलदार साधा हवालदार असो वा आयुक्त, आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. इतकेच नव्हे, तर पोलिसांच्या ताब्यात असताना आरोपीने अन्य कोणापाशी, समजा कोठडीत भेटायला आलेल्या मेहुण्यापाशी, गुन्हा कबूल केला, तरी दंडाधिकारी त्या वेळी समक्ष हजर नसेल तर तीही कबुली बाद ठरते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील २५ व २६ या कलमांचा हा नियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये एकत्र आला आहे. आशय मात्र तोच आहे.

हा अविश्वास स्वतंत्र भारताने निर्माण केलेला नाही, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटेल. महसूल वसूल करण्यासाठी आणि गुन्हे कबूल करवून घेण्यासाठी रयतेचा छळ होतो, या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मद्रास इलाख्यातील आयोगाने १८५५ साली जो अहवाल दिला, तो वाचून कंपनी सरकारलाही कानांवर हात ठेवणे शक्य राहिले नाही. पुढे १८६१ च्या फौजदारी संहितेत पोलिसांपुढील कबुली अग्राह्य ठरवणारी कलमे आली आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने पुराव्याचा कायदा रचताना ती तेथून उचलून त्यात घातली. परक्या सत्तेला आपल्याच शिपायांची खात्री देववेना, ही तिची अगतिकता आपल्या पदरात हक्क म्हणून पडली आहे.

तथापि या भक्कम दारात एक खिडकी ठेवलेली आहे, आणि खरी वर्दळ तिथूनच चालते. आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला तेवढाच मजकूर पुराव्यात येऊ शकतो. म्हणून पोलीस ठाण्यात दोन पंच बोलावले जातात. त्यांच्या समक्ष आरोपी निवेदन करतो की, ज्या कोयत्याने मी अमक्याला मारले तो मी नाल्याकाठच्या झुडपात लपवला आहे, चला, काढून देतो. ते लिहून घेतले जाते, मग गाडी निघते, आरोपी वाट दाखवतो, कोयता बाहेर येतो, तो कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर लाखेचे सील ठोकून आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून मुद्देमालात जमा होतो. स्वातंत्र्याच्या थोडे आधी पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने या तरतुदीची जी मर्यादा आखून दिली, ती आजही प्रमाण मानली जाते: झुडपात वस्तू लपवली आहे, एवढा मजकूर ग्राह्य, ‘ज्या कोयत्याने मी मारले’ हे शब्द अग्राह्य. वस्तू कोठे आहे हे आरोपीस ठाऊक होते, एवढेच त्यातून शाबीत होते. तिने खून झाला की नाही, हे अन्य पुराव्याने सिद्ध करावे लागते. आणि ती जागा पोलिसांना आधीच ठाऊक असेल, तर नवा शोध असा काही लागतच नाही. इतके असूनही पंचनाम्यात अख्खी कबुली अथपासून इतिपर्यंत लिहिण्याची रीत सुटलेली नाही, आणि पंच म्हणून त्याच त्या ओळखीच्या माणसांना उभे करण्याची खोडही जुनीच आहे. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आवश्यक केले आहे. त्यामुळे पंच फितूर झाल्याच्या कहाण्या कदाचित कमी होतील, पण कॅमेरा चालू होण्यापूर्वी कोठडीत काय घडले, ते त्यात दिसणार नाही.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो, आणि १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीपर्यंत पोहोचवले. अटक झालेल्याला चौकशीच्या दरम्यान आपल्या वकिलाला भेटता येते, अर्थात चौकशीच्या संपूर्ण वेळात नव्हे. सामान्य माणसाने विशेष ध्यानात ठेवावी अशी गोष्ट याहून लहान आहे: तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर, तो साक्षीदाराचा असो वा आरोपीचा, जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते, पंचनाम्यावर पंचांची असते. परंतु कोऱ्या कागदावर वा न वाचलेल्या मजकुरावर कोणी सही मागितली, तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे.

कायद्याला मान्य असलेला कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यापुढे होतो, आणि तेथेही घाई चालत नाही. तुम्ही कबुली देण्यास बांधील नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, अशी समज दंडाधिकाऱ्याने द्यावी लागते. विचार करण्यास आरोपीला किमान एक दिवस मिळावा, असे १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरवन सिंग खटल्यात सुचवले. आणि आपणास काही सांगायचे नाही, असे आरोपीने म्हटले, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. ही शेवटची तरतूद मला साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणी वाटते, कारण नकार देणाऱ्याला रात्री कोठे परतावे लागेल, याचा विचार तिच्या कर्त्याने केलेला आहे.

पोलिसांपुढील कबुली अग्राह्य, या नियमाला आपल्या महाराष्ट्रात मात्र एक ठळक अपवाद आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९९९ साली आलेल्या, लोकांच्या तोंडी ‘मोक्का’ म्हणून रुळलेल्या कायद्याच्या कलम १८ अन्वये पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब विहित अटींवर ग्राह्य धरला जातो. टाडा या दहशतवादविरोधी कायद्यामध्ये अशीच तरतूद होती आणि १९९४ साली कर्तार सिंग खटल्यात ती वैध ठरली. टोळ्यांच्या दहशतीपुढे साक्षीदार टिकत नाहीत, ही त्यामागील अडचण खरी आहे. पण हुद्दा वाढला म्हणून छळाचा संभव घटतो, हे गृहीतक मला पटत नाही. अशा कबुलीचे लेखी अभिलेख विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजेत, अशी अट त्याच कलमात आहे; कबुली नोंदवल्याची आणि ती दंडाधिकाऱ्याकडे पोहोचल्याची, या दोन तारखा आरोपीच्या वकिलाने प्रथम तपासून पाहाव्यात. या कायद्याखाली जामीन इतका दुष्प्राप्य का असतो, ते पुढील आठवड्यात पाहू.